वाचकांचे प्रश्न : महिला स्की जंपिंगचा कॉन्टिनेंटल कप कसा वाचावा

महिलांच्या स्की जंपिंगविषयी, म्हणजे पायांना स्की बांधून टेकडीवरच्या घसरपट्टीवरून हवेत लांब उडी मारण्याच्या खेळाविषयी, या सदरात एक लहानसे उत्तर छापल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतली बहुतेक पत्रे विश्वचषकाविषयी नव्हती. ती त्याच्या खालच्या स्तराविषयी, म्हणजे कॉन्टिनेंटल कपविषयी होती, याचा मला मनापासून आनंद झाला. या स्पर्धेकडे वर्तमानपत्रे फिरकत नाहीत, दूरचित्रवाणीवर ती क्वचितच दिसते आणि तरीही हा खेळ मुलींच्या हाती कसा आला हे समजून घ्यायचे असेल तर तिच्यापासूनच सुरुवात करावी लागते. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : कॉन्टिनेंटल कपच्या एका हंगामाचा गुणतक्ता पाहिला. त्यात वरच्या क्रमांकांवर असलेल्या मुलींची नावे विश्वचषकात जवळजवळ दिसतच नाहीत, आणि विश्वचषकात पहिल्या दहांत येणारी एक मुलगी मात्र या तक्त्यात बरीच खाली आहे. हा तक्ता समजायचा कसा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपण टिपलेली विसंगती खरी आहे, मात्र त्यात तक्त्याची चूक नाही. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या, म्हणजे फिसच्या, स्पर्धांची उतरंड अशी आहे : सर्वांत वर हंगामभर चालणारा विश्वचषक, त्याखाली कॉन्टिनेंटल कप आणि त्याखाली फिस कप. विश्वचषकात प्रत्येक देशाला ठराविक जागा मिळतात. नॉर्वे, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, जर्मनी, जपान या देशांत त्या जागांपेक्षा चांगल्या खेळाडूंची संख्या जास्त असते, त्यामुळे संघाबाहेर राहिलेल्या मुली कॉन्टिनेंटल कपमध्ये उतरतात. म्हणूनच एखाद्या बलाढ्य देशाची सहाव्या क्रमांकाची खेळाडू ही लहान देशाच्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा सरस असू शकते, आणि तरीही विश्वचषकात उतरते ती लहान देशाची खेळाडू, बलाढ्य देशाची ही सहावी नाही. आपल्याकडे रणजी सामन्यांत जे दृश्य दिसते तेच येथे दिसते : उद्या वर जाणारी, काल वरून खाली आलेली, दुखापतीनंतर अंग चाचपून पाहणारी आणि वर्षानुवर्षे उंबरठ्यावरच राहिलेली, अशा चारही प्रकारच्या खेळाडू एकाच टेकडीवर एकाच दिवशी उभ्या असतात.

आता गुणांकडे वळू. पहिल्या क्रमांकाला १००, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६०, चौथ्याला ५०, पाचव्याला ४५, सहाव्याला ४० असे उतरत जात तिसाव्या क्रमांकाला १ गुण मिळतो. विश्वचषकातही हीच श्रेणी आहे. समजा, एका मुलीने हंगामाच्या आरंभी दोन स्पर्धा लागोपाठ जिंकल्या. तिचे २०० गुण झाले आणि प्रशिक्षकांनी तिला लगेच विश्वचषकाच्या संघात बोलावले, त्यामुळे ती परत खाली आलीच नाही. दुसरी मुलगी हंगामभर येथेच राहिली आणि सहा स्पर्धांत चौथी आली. तिचे ३०० गुण झाले. तक्ता दुसरीला वर दाखवणार आणि ते योग्यच आहे, कारण तक्ता हंगामाचे गुण मोजतो. दोघींत सरस कोण, हे तो सांगत नाही.

म्हणून असा तक्ता हाती आला की मी एकूण गुणांकडे शेवटी पाहते. आधी पाहते ती प्रत्येकीने खेळलेल्या स्पर्धांची संख्या, आणि मग तिने न खेळलेल्या स्पर्धा कोणत्या तारखांच्या होत्या ते. त्याच तारखांना विश्वचषकाच्या निकालात तिचे नाव सापडले, तर ती रिकामी जागा म्हणजे बढतीची नोंद असते. ते कोठेच सापडले नाही, तर बहुधा दुखापत किंवा आजारपण. या स्तरावर स्पर्धा मुळातच थोड्या असतात आणि बहुतेक वेळा एकाच टेकडीवर लागोपाठच्या दोन दिवशी घेतल्या जातात, त्यामुळे एका शनिवार-रविवारी ताप आला तर २०० गुणांपर्यंतची संधी गेलीच म्हणून समजावे. वाऱ्यामुळे किंवा बर्फाअभावी स्पर्धा रद्द झाल्या तर सगळ्यांचेच गणित बदलते. जन्मवर्षाच्या रकान्याकडेही अवश्य लक्ष द्यावे. सोळा वर्षांच्या मुलीचा बारावा क्रमांक आणि सत्तावीस वर्षांच्या खेळाडूचा बारावा क्रमांक हे दोन वेगळे निकाल आहेत, आणि दुसरा निकाल हलका आहे असेही मला म्हणायचे नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने मिळालेला बारावा क्रमांक एखाद्या विजयाइतका मोलाचा असू शकतो.

प्रश्न : एका निकालात ९६ मीटर उडी मारणारी मुलगी ९४ मीटर उडी मारणारीच्या मागे होती. लांब उडीत अंतरापेक्षा मोठे काय असते? (एक शिक्षिका, सांगली)

उत्तर : या खेळात अंतराबरोबर उडीचा डौल मोजला जातो आणि वाराही हिशेबात धरला जातो. प्रत्येक टेकडीला एक ठराविक अंतर नेमलेले असते, त्याला के-पॉइंट म्हणतात. ९० मीटर के-पॉइंटच्या टेकडीवर बरोबर ९० मीटरला ६० गुण मिळतात आणि पुढच्या किंवा मागच्या प्रत्येक मीटरला २ गुण वाढतात किंवा कमी होतात. मोठ्या टेकडीवर हा दर मीटरला १.८ गुण असतो. पाच पंच प्रत्येकी २० पैकी गुण देतात. त्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा वगळून उरलेल्या तिघांची बेरीज धरतात.

आपल्या उदाहरणातील दोन्ही उड्या अशाच टेकडीवरच्या होत्या असे मानून मी आकडे कल्पनेने भरते. पहिलीची उडी ९६ मीटर, म्हणून अंतराचे ७२ गुण. ती दोन्ही पाय जोडून, थोडी डळमळत उतरली. पंचांनी १६, १६.५, १६.५, १७ आणि १५.५ दिले, म्हणून धरायचे ४९. बेरीज १२१. पण तिला समोरून चांगला वारा मिळाला होता, त्याचे ५ गुण वजा होऊन ११६ उरले. दुसरीची उडी ९४ मीटर, म्हणून ६८ गुण. तिला पंचांनी १७.५, १७.५, १८, १७ आणि १७.५ दिले, म्हणून ५२.५. बेरीज १२०.५. तिला पाठीमागून वारा होता, त्याचे ३ गुण मिळून १२३.५. दोन मीटर मागे राहूनही ती साडेसात गुणांनी पुढे गेली.

समोरचा वारा फायद्याचा आणि पाठीमागचा तोट्याचा, हे प्रथम ऐकताना उलटे वाटते, कारण धावणाऱ्याचा किंवा सायकल चालवणाऱ्याचा अनुभव नेमका विरुद्ध असतो. येथे मुलगी हवेवर पडून असते. समोरून येणारी हवा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या उघडलेल्या स्कींखाली आणि छातीखाली शिरून तिला उचलून धरते. पाठीमागून आलेली हवा तिला खाली दाबते.

जर्मनीच्या थुरिंगियातील ब्रोटेरोडच्या टेकडीखाली उभी राहून मी हे पाहिले आहे. वर, घसरपट्टीच्या आडव्या दांडीवर एक मुलगी बसलेली होती, दोन्ही हात दांडीवर, स्की खाचेत. दिवा लाल होता. बाजूच्या मचाणावर प्रशिक्षक झेंडा उंच धरून वाऱ्याच्या आकड्यांकडे पाहत होता. दिवा हिरवा झाला तरी झेंडा काही क्षण तसाच राहिला, मग झटक्यात खाली आला आणि ती दांडी सोडून निघाली. घसरतानाचा आवाज जाड कापड लांबवर फाटत जावे तसा होता. टोकावरून ती सुटली तेव्हा तो आवाज एकदम थांबला आणि त्या शांततेत फक्त तिच्या सूटची फडफड ऐकू आली. उतरताना एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले, हात दोन्ही बाजूंना पसरलेले. यालाच टेलिमार्क म्हणतात आणि पंचांचे बरेचसे गुण याच क्षणावर ठरतात. ती थांबल्यावर टाळ्या वाजवणारे आम्ही फार थोडे होतो, आणि त्यांतले बरेचजण कोणाचे तरी आईवडील असावेत.

प्रश्न : मुलींच्या शरीराला ही उडी झेपणार नाही असे कारण देऊन त्यांना ऑलिंपिकपासून दूर ठेवले होते, असे वाचले. हे खरे आहे का? आणि त्या काळात त्या खेळत तरी कोठे होत्या? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : खरे आहे, आणि ही फार जुनी गोष्ट नाही. फिसचे तत्कालीन अध्यक्ष जान फ्रँको कास्पर यांनी २००५ मध्ये जाहीरपणे असे सुचवले होते की वर्षाला हजार वेळा दोन मीटरवरून जमिनीवर आदळण्यासारखा हा प्रकार वैद्यकीय दृष्टीने स्त्रियांना योग्य वाटत नाही. या विधानाला आधार काहीच नव्हता. स्त्रिया तर त्याच्या कितीतरी आधीपासून उड्या मारत होत्या. नॉर्वेमध्ये ट्रिसिल येथे इंग्रिड ओल्सडाटर वेस्टबी हिने १८६२ मध्ये उडी मारल्याची नोंद आहे. ऑस्ट्रियाच्या किट्झब्यूलची पाउला लाम्बर्ग ही सरदार घराण्यातली स्त्री १९११ मध्ये लांब झगा घालून २२ मीटर गेली होती. आणि कास्पर यांच्या विधानाच्या दोन वर्षे आधी, २९ जानेवारी २००३ रोजी, ऑस्ट्रियाची डॅनिएला इराश्को कुल्मच्या प्रचंड टेकडीवर २०० मीटर उडून सुखरूप उतरली होती.

‘त्या खेळत कोठे होत्या’ हा आपला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर आहे कॉन्टिनेंटल कप. महिलांसाठी ही मालिका २००४-०५ च्या हंगामात सुरू झाली. पुरुषांसाठी या नावाची स्पर्धा दुसऱ्या स्तराची होती. महिलांसाठी तिच्यावर काहीच नव्हते. पुढचे सात हंगाम जगातल्या सर्वोत्तम महिला जंपर याच स्पर्धेत एकमेकींशी झुंजल्या. नॉर्वेच्या अनेटे सागेनने पहिले पाच हंगाम जिंकले आणि पुढचे दोन डॅनिएला इराश्कोने. या सातही विजेतेपदांना कोणी दुय्यम म्हटले तर मी ते मान्य करणार नाही. नावावरून स्तर ठरवण्याची घाई येथे करूच नये.

याच मालिकेत खेळणाऱ्या मुलींनी पुढची दारे ठोठावली. २००६ मध्ये फिसने महिलांना २००९ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत स्थान देण्याचे ठरवले, मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकसाठी नकार दिला. पुरेशा देशांत पुरेशा दर्जाच्या खेळाडू नाहीत, असे कारण दिले गेले. फेब्रुवारी २००९ मध्ये चेक प्रजासत्ताकातील लिबेरेत्स येथे अमेरिकेची लिंडसी व्हॅन पहिली महिला जगज्जेती झाली. जर्मनीची उलरिके ग्रेसलर दुसरी आणि सागेन तिसरी आली. व्हँकुव्हर ऑलिंपिकसाठी बांधलेल्या व्हिस्लरच्या ९५ मीटर के-पॉइंटच्या टेकडीचा विक्रम त्या काळात याच व्हॅनच्या नावावर होता, पुरुषांसकट सगळ्यांत. त्याच टेकडीवर ऑलिंपिकमध्ये उडी मारायला तिला बंदी होती. तिच्यासह पंधरा खेळाडूंनी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. जुलै २००९ च्या निकालात न्यायाधीशांनी हा भेदभाव असल्याचे मान्य केले, पण ऑलिंपिकचे क्रीडाप्रकार ठरवण्याचा अधिकार आंतरराष्ट्रीय समितीचा असून तिला कॅनडाचा कायदा बांधत नाही, असे सांगून दावा फेटाळला. अपीलही नोव्हेंबरमध्ये फेटाळले गेले. आपण हरलो आहोत आणि आपलेच म्हणणे खरे आहे, या दोन्ही गोष्टी एकाच निकालपत्रात वाचणे त्या मुलींना कसे गेले असेल, याचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

त्यानंतर गोष्टी झपाट्याने बदलल्या. एप्रिल २०११ मध्ये ऑलिंपिकची मान्यता मिळाली. ३ डिसेंबर २०११ रोजी लिलेहामर येथे महिलांच्या विश्वचषकाची पहिली स्पर्धा झाली, ती अमेरिकेच्या सारा हेंड्रिक्सनने जिंकली आणि हंगामाचा चषकही तिनेच घेतला. त्या दिवसापासून कॉन्टिनेंटल कप हा दुसरा स्तर झाला. ११ फेब्रुवारी २०१४ रोजी सोचीत ऑलिंपिकची पहिली महिला उडी हेंड्रिक्सनने मारली. जर्मनीच्या कॅरिना फोग्टने सुवर्ण, विवाहानंतर इराश्को-श्टोल्झ झालेल्या डॅनिएलाने रौप्य आणि फ्रान्सच्या कोलीन मातेलने कांस्य जिंकले. फोग्टने तोपर्यंत विश्वचषकाची एकही स्पर्धा जिंकलेली नव्हती.

प्रश्न : कॉन्टिनेंटल कपच्या काही स्पर्धा उन्हाळ्यात होतात असे दिसले. बर्फ नसताना उडी कशी मारतात? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : उतरणीच्या उतारावर प्लास्टिकच्या बारीक पात्यांच्या चटया कौलांसारख्या एकीवर एक बसवतात आणि त्यांवर पाणी मारतात. घसरपट्टीच्या खाचा सिरॅमिकच्या असतात. स्की, सूट, गुणांची पद्धत सगळे तेच.

प्रश्न : या स्तरावर खेळून मुलींचे पोट भरते का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : केवळ बक्षिसांवर नाही. या स्तरावरच्या मुली शिक्षण, नोकरी, घरचा आधार, क्लब आणि राष्ट्रीय संघटना यांच्या बळावर खेळतात. काही देशांत सैन्य, पोलीस किंवा सीमाशुल्क खात्यात खेळाडूंना नोकरी मिळते, तोही मोठा आधार असतो. वरच्या स्तरावरही चित्र फार उजळ आहे असे समजू नये. डिसेंबर २०२४ मध्ये गार्मिश-पार्टेनकिर्शेन येथे विश्वचषकाची पात्रता फेरी जिंकल्यावर जर्मनीच्या सेलिना फ्राइटागला शॉवर जेल, शाम्पू आणि चार टॉवेल मिळाले. तेथेच पुरुषांच्या पात्रता फेरीच्या विजेत्यासाठी तीन हजार युरोंच्या आसपास रक्कम ठेवलेली होती. हे तिने स्वतः बोलून दाखवले आणि त्यावर बरीच चर्चा झाली. विश्वचषकात ही स्थिती असेल, तर एका गाडीत स्की, मेणाची पेटी आणि चार मुली भरून पुढच्या टेकडीकडे निघणाऱ्या प्रशिक्षकाचा हिशेब कसा जुळत असेल, याची कल्पना आपणच करावी. या अन्यायाविषयी क्रीडारसिकांनी बोलत राहिले पाहिजे.

प्रश्न : आम्ही काही वर्षांपासून ऑस्लोत राहतो. माझी अकरा वर्षांची मुलगी शाळेतल्या मैत्रिणींबरोबर स्की जंपिंगच्या क्लबात जाऊ लागली आहे. तिला एक दिवस कॉन्टिनेंटल कप खेळायचा आहे. मला दोन भीती वाटतात : गुडघ्यांची आणि वजन कमी करण्याच्या नादाची. मी तिला थांबवावे का? (एक आई, ऑस्लो)

उत्तर : थांबवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण आपल्या दोन्ही भीती खऱ्या आहेत आणि त्यांना कोणी हसून टाळत असेल तर तेही मान्य करू नये.

गुडघ्याचे आधी पाहू. गुडघ्यातला क्रुसिएट लिगामेंट तुटणे ही या खेळातील मुलींची नेहमीची दुखापत आहे. हेंड्रिक्सनसारख्या जगज्जेतीलाही ऑगस्ट २०१३ मध्ये सरावात गुडघ्याची गंभीर दुखापत झाली होती. म्हणून मांडीची आणि कमरेची ताकद, एका पायावरचा तोल आणि उतरण्याची पद्धत यांवर क्लब किती वेळ देतो, हे प्रशिक्षकांना जरूर विचारावे. लहान टेकडीवर पन्नास वेळा नीट टेलिमार्क झाल्याशिवाय मोठ्या टेकडीवर न नेणारा प्रशिक्षक चांगला. मैत्रिणी पुढे गेल्या म्हणून घाई करणारी मुलगी असेल तर तिला घरूनच समजवावे लागते.

आता वजन. हलके शरीर लांब उडते हे भौतिकशास्त्र आहे, आणि त्यामुळे या खेळात खाण्यापिण्याचे हाल पूर्वी झाले आहेत. म्हणूनच स्कीची लांबी शरीराशी बांधलेली आहे. जास्तीत जास्त लांबी उंचीच्या १४५ टक्के, आणि उंचीच्या मानाने वजन ठरलेल्या मर्यादेखाली गेले तर स्की आखूड कराव्या लागतात. आखूड स्कीखाली हवा कमी धरली जाते, म्हणजे उपाशी राहून मिळवलेला फायदा तेथेच जातो. नियमाने धोका कमी होतो, पण तो पूर्ण संपत नाही. मुलगी जेवताना ताटातले काही बाजूला सारू लागली, पाळी लांबली, किंवा प्रशिक्षकाने सगळ्यांसमोर वजनाविषयी शेरा मारला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे आणि क्लबात बोलावे.

कॉन्टिनेंटल कपच्या वाटेविषयी लिहायचे तर घाईचे कारण नाही. जपानची सारा ताकानाशी २०११ मध्ये, चौदाव्या वर्षी, कॉन्टिनेंटल कपची स्पर्धा जिंकून गेली आणि पुढे चार वेळा विश्वचषकाची मानकरी झाली, हे आपल्या मुलीला क्लबात कोणीतरी सांगेलच. तिला त्याबरोबर इराश्को-श्टोल्झही सांगावी, जी अडतिसाव्या वर्षी बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये उडी मारत होती. आधी क्लबाच्या आणि देशातल्या मुलांच्या स्पर्धा, मग फिस कप, मग कॉन्टिनेंटल कप असा क्रम आहे, आणि एकेका पायरीवर दोन-तीन हिवाळे जाणे अगदी स्वाभाविक आहे. नोटोडेन आपल्यापासून रस्त्याने दोन तासांच्या आसपास आहे. तेथील टेकडीवर महिलांच्या कॉन्टिनेंटल कपच्या स्पर्धा अनेकदा झाल्या आहेत. पुन्हा होतील तेव्हा तिला अवश्य घेऊन जावे आणि उतरणीच्या कुंपणापाशी उभे राहावे, कारण तेथून मुलींचे चेहरे दिसतात. केवळ पहिल्या तिघींकडे पाहू नये, तिसाव्या क्रमांकाची मुलगी उतरते तेही पाहावे. बोटे गोठतील, म्हणून थर्मासमध्ये चहा न्यावा.